घरचा भाव

गारखेडा, छत्रपती संभाजीनगर
रविवार, सकाळ

प्रिय सुदर्शन,

'प्रिय' वाचून दचकू नका. पत्राची सुरुवात अशी करतात म्हणून लिहिलंय. 'महोदय' लिहिलं असतं तर तुम्हाला वाटलं असतं ऑफिसची नोटीस आली, आणि 'स. न. वि. वि.' लिहायला मी काही कुणाचं स्थळ सुचवत नाहीये. सकाळपासून दोन पत्रं लिहून फाडली. एकात तुम्हाला फार बोलले होते, दुसऱ्यात काहीच बोलले नव्हते. आज नळाला पाणी यायचा दिवस. ड्रम, बादल्या, पातेली सगळं मांडून ठेवलंय, आणि मी मध्येच उठून नळ बघून येते, परत बसते, एक ओळ लिहिते, परत उठते. फोन केला असता, पण तुमचा फोन गल्ल्याजवळ असतो आणि तो आधी तुमच्या आई उचलतात. समोर यावं तर समोर आले की मी भांडते, ते तुम्ही बुधवारी बघितलंच. म्हणून हा कागद.

बुधवारी मी भर दुकानात तुम्हाला खोटारडे म्हणाले. गिऱ्हाइकं होती, पोती उतरवणारे हमाल होते, शेजारचा भाजीवाला कडूबा तर मेथीची जुडी हातात धरून तसाच उभा राहिला होता. आवाज चढला त्याचं मला वाईट वाटतंय, शब्दाचं नाही. दोन वर्षं तुम्ही मला खोटे भाव सांगितलेत, आणि त्यापायी माझी नोकरी आणि नोकरीहून मोठं म्हणजे माझं नाव, दोन्ही पणाला लागलं. बाजारात न जाता मी घरी बसून आकडे भरते, असा माझ्यावर संशय आहे. आमच्या कामात याहून वाईट शिवी नाही. तुम्ही त्या दिवशी एकच वाक्य बोललात, 'मॅडम, मला काय ठाऊक त्याचं एवढं व्हतंय,' आणि मान खाली घालून गुळाची ढेप फोडत बसलात. तेव्हा आधी त्याचं एवढं काय होतं ते सांगते. तुमच्या दुकानात कायम गर्दी, हे सांगायला मला कधी वेळच मिळाला नाही.

तुम्ही एकदा विचारलं होतं, हे भाव लिहून तुम्ही नेता तरी कुठं? मी 'दिल्लीला' एवढंच म्हणून पुढच्या दुकानात गेले होते. खरं असं आहे की देशभरातल्या बाजारांतून माझ्यासारखी माणसं असेच भाव गोळा करत फिरतात. तांदूळ, तेल, साबण, शिलाई, रिक्षाचं भाडं, केस कापायचे पैसे, घरभाडं. सामान्य घराचा खर्च ज्या ज्या गोष्टींवर होतो त्यांची एक मोठी टोपली आहे असं समजा. ज्यावर खर्च जास्त त्याला मान जास्त. ती टोपली गेल्या वर्षी याच महिन्यात केवढ्याला पडत होती आणि आज केवढ्याला पडते, यातला फरक शेकड्यात काढला की झाली महागाई. टीव्हीवर सांगतात तो आकडा हाच. तो पुढं मुंबईला रिझर्व्ह बँकेत जातो. तिथं दर दोन महिन्यांनी सहा माणसं बसतात. महागाई चार टक्क्यांच्या आसपास ठेवा, फार तर दोन वर किंवा दोन खाली, असं त्यांना ठरवून दिलंय. आकडा चढला की ती व्याज वाढवतात, उतरला की कमी करतात. वाळूजच्या एखाद्या कारखान्यात नवीन मशीन येणार की नाही, तिथल्या पोरांच्या फ्लॅटचा हप्ता किती बसणार, माझ्या आईला गंगापूरच्या बँकेत ठेवीवर काय मिळणार, हे सगळं त्या व्याजावर हलतं. गेल्या वर्षी आकडा इतका उतरला होता की एका महिन्यात तो पाव टक्क्यावर आला. व्याज कमी झालं आणि आईनं मला फोन करून झापलं, जणू मीच कमी केलं.

तुम्ही यावर हसाल. मागच्या श्रावणात तुम्ही मला म्हणाला होतात, 'मॅडम, डाळ पावसाचं ऐकती, मुंबईचं कशाला ऐकंल?' मला त्या वेळी उत्तर सुचलं नव्हतं आणि पुंडलिकनगरच्या तुमच्या दुकानापासून घरापर्यंत मी स्वतःवर चिडत आले होते. उत्तर नंतर सुचलं. डाळ मुंबईचं ऐकत नाही हे खरंच, पण माणूस ऐकतो. माणसाला एकदा वाटलं की भाव वाढणार, की तो लागेल त्याच्या दुप्पट आजच भरून ठेवतो, दुकानदार माल थोडा दाबून धरतो, कामगार पगारवाढ मागतो, आणि वाटलं होतं म्हणूनच भाव वाढतात. त्या सहा माणसांना डाळ आवरायची नसते, लोकांचं हे वाटणं आवरायचं असतं. ते वाटणं ताब्यात राहावं म्हणून तर आकडा खरा पाहिजे. लोकांचा आकड्यावरचा विश्वास एकदा उडाला की मग व्याज कितीही वरखाली करा, कुणी ऐकत नाही.

म्हणून आमचे नियम कडक. वस्तू तीच, प्रत तीच, दुकान तेच. मध्यम प्रतीची सुटी तूरडाळ म्हणजे दर महिन्याला त्याच प्रतीची. गेल्या महिन्यात एक आणि या महिन्यात दुसरी धरली तर महागाई मोजली असं होत नाही, नुसता घोळ होतो. दुकानदारानं सांगितला तो भाव लिहायचा. दुकान बंद असेल तर बंद लिहायचं, अंदाज करायचा नाही. आणि एक नियम माझा स्वतःचा आहे, तो कुणी घालून दिलेला नाही. ज्या दुकानाचा भाव लिहिते त्या दुकानातून मी काही विकत घेत नाही. लोकांनी म्हणू नये की ताई फुकट किंवा स्वस्तात सामान नेतात. तुमच्याकडचे शेंगदाणे किती वेळा न्यावेसे वाटले तरी मी नेले नाहीत. घरी आणलेले शेंगदाणे निम्मे खवट निघायचे आणि मी मुकाट्यानं निवडत बसायची.

तुमचं दुकान मी निवडलं ते नवीन टोपली सुरू झाली तेव्हा. जुन्या टोपलीत कॅसेट, टेपरेकॉर्डर असली आता कुणी घेत नाही ती खोगीरभरती होती, ती काढली, आणि दुकानंही नव्यानं बघितली. तुमचं दुकान चांगलं चालतं, सुटा माल भरपूर असतो आणि दुकानदार गप्प बसणारा आहे, एवढं बघून मी नाव टाकलं. गप्प बसणारा दुकानदार आम्हाला सोन्यासारखा. नाहीतर कडूबासारखे. 'लिवा ताई साठ, नायतर सत्तर लिवा, सरकारला काय फरक पडतो.' तुम्ही मात्र दरवेळी आधी मला बसायला पाटाकडे बोट दाखवायचात, हातातलं काम संपवायचात, आणि मग एकेक वस्तूचा भाव विचार करून सांगायचात. मला वाटायचं किती प्रामाणिक माणूस आहे, आठवून आठवून सांगतो. आता कळतंय की तुम्ही आठवत नव्हता, ठरवत होता.

तुमच्या आई दुकानाच्या आतल्या बाजूला खुर्चीवर बसून पोह्यातले खडे निवडायच्या आणि माझ्याकडं बघत राहायच्या. चहा मी कधीच घेतला नाही, तरी दरवेळी यायचा. तो मग तुम्ही प्यायचात. अख्ख्या बाजारात मला सगळे ताई म्हणतात, अगदी सत्तरीचा फकिरा शिंपीसुद्धा. तुम्ही एकट्यानं कधी म्हटलं नाही. माझ्या लक्षात आलं होतं. लक्षात आलं होतं एवढंच लिहिते.

थांबा, पाणी आलं.

भरून झालं. शेजारच्या बाईंच्या दोन घागरीही भरून दिल्या, नाहीतर त्या दार वाजवून आत आल्या असत्या आणि काय लिहितेस म्हणून विचारलं असतं. हात ओले आहेत, अक्षर फिसकटलंय, सांभाळून घ्या.

जानेवारीत मी रजा घेतली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, गंगापुरात तिच्याजवळ दुसरं कुणी नाही. तेवढ्यात माझ्या फेरीचा दिवस आला आणि विश्वजित सर, आमचे सुपरवायझर, स्वतः भाव भरायचा माझा टॅब घेऊन बाजारात फिरले. तुमच्याकडंही आले. तुम्ही त्यांना ओळखत नव्हता. त्यांनी भाव विचारले, तुम्ही सांगितले. त्यांनी ते भरले आणि मशीन ओरडायला लागलं. एका महिन्यात एकाच दुकानाची तूरडाळ, शेंगदाणे, गूळ, पोहे, सुटं तेल, सगळंच एकदम उडी मारून वर गेलेलं, आणि शेजारची दुकानं जिथल्या तिथं. सरांनी दोनदा तपासलं. मग त्यांनी मागचे सगळे आकडे काढले.

गेल्या सोमवारी मी कामावर गेले तर त्यांनी मला समोर बसवलं. सर वाईट माणूस नाहीत, हे आधी सांगते. त्यांनी पडद्यावर दोन रेघा दाखवल्या. एक तुमच्या दुकानाची, दुसरी बाजूच्या दुकानांची. सुरुवातीला दोन्ही एकावर एक. पुढं तुमची रेघ जरा खाली. मग आणखी खाली. शेवटी दोन्हींत चांगलीच फट. देशभर डाळी उतरत होत्या त्या काळात तुमचीही उतरताना दिसली, म्हणून कुणाला संशय आला नाही. सर म्हणाले, 'एखादा दुकानदार कायम पाच रुपये स्वस्त असेल तर आपल्याला काही फरक पडत नाही. आपण भाव मोजतच नाही, भावातला बदल मोजतो. पण ही फट वाढत गेलीय. असं का?' ते म्हणाले, 'आणि गंमत बघा, पाकिटातल्या वस्तूंचे भाव अगदी बरोबर आहेत.' मला आधी वाटलं ही माझ्या बाजूची गोष्ट. मग त्यांच्या तोंडाकडं बघून कळलं. पाकिटावर किंमत छापलेली असते. जो माणूस बाजारात जात नाही, घरी बसून टॅब भरतो, त्याचे पाकिटांचे भाव बरोबरच येतात, कारण पाकीट त्याच्या फडताळात असतं. चुकतो तो सुट्या मालात. सर तसं बोलले नाहीत. पण माझ्यापुढं ग्लासभर पाणी ठेवलं, आणि कुणी पाणी पुढं ठेवलं की मला कळतं आता काय येणार.

मला त्या खोलीत काय वाटलं ते सांगून उपयोग नाही. ऊन, पाऊस, नवीन बूट चावत असताना, ताप असताना, आईच्या ऑपरेशनआधी मी एक फेरी चुकवली नव्हती. कंत्राटावरची नोकरी, मार्चमध्ये नूतनीकरण. ते गेलं असतं तर कुठं तरी दुसरं काही मिळालं असतं. पण 'आकडे घरी भरायची म्हणून काढली' हे गंगापूरपर्यंत गेलं असतं, आणि तिथून चितेगावलाही. चितेगाव म्हणजे माझं सासर होतं. तुम्ही कधी विचारलं नाहीत म्हणून मी सांगितलं नाही. तिथं मला 'लेकीसारखी' म्हणायचे. लेकीसारखी म्हणत म्हणत माझ्यावर चोरीचा आळ घेतला, दागिन्यांचा, आणि दागिने सापडल्यावरही कुणी 'चुकलं' म्हणालं नाही. मी निघून आले. कायद्यानं सुटले. तेव्हापासून मला दोन गोष्टी सहन होत नाहीत. एक म्हणजे खोटा आळ. दुसरी म्हणजे सवलत. परत आल्यावर मला सगळ्यांनी सगळं सवलतीतच दिलं. घरमालकीण म्हणाली, एकटी आहेस, भाडं जरा कमी दे. भावकीतल्या लग्नात म्हणाले, तुझा आहेर राहू दे. जिथं जाईन तिथं तो 'बिचारी'चा सूर. मी हट्टानं भाडं पूर्ण दिलं, आहेर दुप्पट केला, आणि उरलेला महिना आमटीत पाणी घालून काढला.

म्हणून बुधवारी मी तशी आले. सरांचा आळ एकीकडं, आणि दुसरीकडं रस्त्यात माझ्या डोक्यात जे पेटलं ते. तुम्ही सरांना खरा भाव सांगितला आणि मला कमी, याचा मला एकच अर्थ लागत होता. बाजारात कुणाकडून तरी कळलं असेल, नवऱ्यानं टाकलेली बाई, उन्हातान्हात फिरते, बिचारी. तिला काय, दोन रुपये कमी सांगू. मी घेत काही नाही, तरीही. ज्या डाळीचा दाणा मी कधी नेला नाही, तिच्यावर तुम्ही दोन वर्षं मला दया दाखवत होतात, या विचारानं माझं डोकं फिरलं. खोटारडे म्हणाले, 'तुमची दया नकोय मला' म्हणाले, ते त्यातूनच. मला वाटलं तुम्ही त्या एका वाक्यापुढं आणखी काहीतरी बोलाल, चिडाल तरी. तुम्ही ढेप फोडत राहिलात. आणि मग तुमच्या आई खुर्चीवरून उठल्या.

त्या काय बोलल्या ते तुम्ही ऐकलंय, पण तुमचं तोंड ढेपेकडं होतं आणि मला त्यांचे डोळे दिसत होते, म्हणून परत लिहिते. त्या म्हणाल्या, 'अगं ए बाई, दया कसली गं? दया करायची आसली का ह्यो वजनात करतो. म्हातारंकोतारं आलं, एखादी रांडमुंड आली, तर मूठभर जास्ती टाकतो, बोलत नाय. भाव नाय तोडत कुणाला, बापाच्या दोस्तालाबी नाय. भाव फकस्त घरच्याला. तुला सांगत व्हता तो आमाला जाधववाडीच्या मोंढ्यात पडतो तोच भाव. घरच्या माणसाला काय दुकानाचा भाव सांगायचा व्हय?' एवढं बोलून त्या बसल्या आणि परत पोहे निवडायला लागल्या. मी टॅब घेतला, गाडीला किल्ली लावली आणि निघाले. टॅबचं कव्हर तुमच्या पाटावरच राहिलं. ते जपून ठेवलं असेलच.

गाडी घराकडं न वळवता मी कुठं कुठं फिरले मलाच माहीत नाही. सिग्नलला मागचे हॉर्न वाजवत होते. मला त्या दोन रेघा दिसत होत्या. सर म्हणाले होते, आपण बदल मोजतो. सुरुवातीला तुम्ही मला गिऱ्हाइकाचा भाव सांगितलात. मग थोडा कमी. मग आणखी थोडा. डिसेंबरात थेट खरेदीचा, म्हणजे तुमचा नफा शून्य. मी दर महिन्याला येऊन, पाटावर बसून, ते स्वतःच्या हातानं लिहून नेत होते. सुदर्शन, या देशात महागाई मोजायला एवढा खटाटोप केलाय, आणि माझ्या टॅबमध्ये भलतंच काहीतरी मोजलं जात होतं. हसू की रडू ते कळेना. बाबा पेट्रोल पंपाजवळ गाडी लावून मी उसाचा रस प्यायले, थंडीच्या दिवसात, आणि घसा बसला.

गुरुवारी आईच्या डोळ्यात औषध घालायला गंगापूरला गेले. एसटीत वाळूजच्या शिफ्टची पोरं पेंगत होती आणि मला मात्र खिडकीशी नीट बसवेना. घरी गेल्या गेल्या आईनं ओळखलं, डोळ्यावर काळा चष्मा असताना. मी तिला अर्धवटच सांगितलं, नोकरीचं. तुमचं नाव घेतलं नव्हतं, नुसतं 'एक किराणावाला' म्हणाले. मग म्हणाली, 'म्हैन्याच्या म्हैन्याला त्याच्या दारात जाती, समद्याचा भाव इचारती, आन घेत काईच नाय. त्याला लई कोडं पडत आसंल.' आणि वर म्हणाली, 'आन मोठ्या मनाचा दिसतोय. मी आसते तर दुकानात पाय ठिवू दिला नसता.' मी उठून अंगण झाडायला लागले. ते सकाळीच झाडलेलं होतं.

आता शुक्रवारचं सांगायलाच पाहिजे, त्याच्यासाठीच सकाळपासून कागद फाडतेय. शुक्रवारी सरांनी परत बोलावलं. मी सांगितलं, यातला एकही आकडा माझ्या मनचा नाही, दुकानदारानं सांगितला तोच लिहिला. त्यांनी विचारलं, मग तो तुम्हालाच कमी भाव का सांगेल? मी म्हणाले, तो मला घरचा भाव सांगत होता. सरांनी चष्मा काढला. म्हणाले, 'म्हणजे नात्यातला आहे का? तसं असेल तर सांगा. नात्यातल्या माणसाच्या दुकानाचे भाव आपण घेत नाही. ते दुकान काढून दुसरं घेऊ, मागचे आकडे बाजूला ठेवू, विषय संपेल. नात्यातला नसेल तर त्यानं खोटं का सांगितलं याची लेखी चौकशी लावावी लागेल, त्याची आणि तुमचीही.' सुदर्शन, खरं उत्तर 'नाही' हे होतं. माझ्या तोंडून निघालं, 'अजून नाही सर, होणार आहे.' ते माझ्याकडं बघत राहिले आणि म्हणाले, 'नक्की ठरलं का ते सोमवारी सांगा, तोपर्यंत कागद पुढं पाठवत नाही.' दोन वर्षांत दुकानदाराला न विचारता मी एक आकडा लिहिला नाही. शुक्रवारी मात्र तुम्हाला न विचारता एवढं मोठं सांगून आले. उद्या सोमवार आहे. आज दुपारी तुमचं दुकान बंद असेल तेव्हा हे पत्र शटरखालून सरकवीन. माझी नोकरी वाचावी म्हणून हो म्हणू नका. ती दया होईल, आणि दया तुम्ही वजनात करता हे मला आता माहीत आहे. मनातून हो असेल तरच हो म्हणा. मग पुढच्या महिन्यापासून मी तुमच्याकडं भाव विचारायला येणार नाही. नाही म्हणालात तर चौकशीला मी तोंड देईन, आणि त्यातून तुमचं दुकान माझ्याकडं राहिलंच, तर तुम्ही मला सगळ्यांना सांगता तो भाव सांगायचा, आणि मी तो लिहून पुढच्या दुकानात जाईन.

तुमची
(हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते तुम्ही कळवा)
राजनंदिनी